भूमीस पाय न लावता
कोरियातील हिंदी सैनिकांचे हेलिकॉप्टर-उड्डाण, सन १९५३

आपल्या मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील सैनिकांची एक नोंद असावी, असा ठराव झाला आणि ती नोंद तयार करण्याचे काम आम्हांकडे आले. त्यासाठी सभासद कुटुंबांकडे जी प्रश्नपत्रिका पाठविली, तीत आम्ही असा प्रश्न घातला होता की, आपल्या घराण्यातील कोणी लढाईवर गेले होते काय? उत्तरे पुष्कळ आली. मेसोपोटेमियापासून ब्रह्मदेशापर्यंत आणि काश्मीरपासून १९७१ च्या युद्धापर्यंत अनेक रणक्षेत्रांची नावे त्यांत होती. ती वाचताना आम्हांस अभिमान वाटला, हे येथे नमूद करणे उचितच होय.

परंतु एका उत्तराने आम्हांस थबकविले. एका कुटुंबाने त्या प्रश्नापुढे 'नाही' असे लिहिले होते. मागाहून सहज बोलणे निघाले तेव्हा त्याच घरातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की, "आमचे आजोबा कोरियात होते. पण तेथे लढाई कोठे होती? ते नुसते पहाऱ्यावर होते. जहाजातून उचलून हेलिकॉप्टरने नेले, एवढेच ते सांगत. म्हणून आम्ही लिहिले नाही."

हे ऐकून दोष कुटुंबाचा नसून आमच्या प्रश्नाचा होता, असे आमच्या ध्यानी आले. 'लढाईवर गेले होते काय' असे विचारल्यावर त्या प्रामाणिक घराने दुसरे काय उत्तर द्यावे? यास्तव, ज्या प्रवासाची हकीकत त्या आजोबांनी एका वाक्यात आटोपली, तो प्रवास काय होता, तो का करावा लागला, आणि त्याच्या शेवटी आमच्या सैनिकांपुढे कोणते काम वाढून ठेवले होते, हे सभासद कुटुंबांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

कोरियाचे युद्ध १९५० च्या जून महिन्यात सुरू झाले. उत्तर कोरिया व त्याच्या साहाय्यास आलेला चीन एका बाजूस, आणि दक्षिण कोरिया व अमेरिकेच्या पुढारपणाखालील संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजा दुसऱ्या बाजूस, असा हा संग्राम तीन वर्षे चालला. हिंदुस्थानने तेथे लढाऊ पलटण धाडली नाही. मात्र जखमींच्या शुश्रूषेसाठी ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे त्याचे प्रमुख. या पथकातील काही मंडळींनी मार्च १९५१ मध्ये मुनसानच्या परिसरात अमेरिकन छत्रीधारी सैन्याबरोबर विमानातून उड्या घेतल्या, आणि पथकाच्या एका तुकडीने दक्षिणेतील तेगू येथे राहून कोरियन रुग्णांची सेवा केली. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी, कारण पुढील प्रसंगाचा चमत्कारिकपणा तीवरूनच ध्यानात येतो.

दोन्ही पक्ष लढून थकल्यावर वाटाघाटी सुरू झाल्या. त्या दीर्घकाळ अडून राहिल्या त्या एका प्रश्नावर: युद्धकैद्यांचे काय करावयाचे? युद्ध संपताच कैद्यांस मायदेशी धाडावे, हा सर्वमान्य संकेत. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या ताब्यातील हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी आम्हांस परत जावयाचे नाही असे म्हणू लागले. त्यांस बळजबरीने पाठविणार नाही, असे अमेरिकेने सांगितले. तर एकूण एक माणूस परत मिळालाच पाहिजे, असा चीन व उत्तर कोरियाचा आग्रह. या एका वादापायी युद्ध वर्षभराहून अधिक काळ लांबले आणि तितका काळ दोन्हीकडील माणसे मरत राहिली. अखेर हिंदुस्थानने संयुक्त राष्ट्रसंघात मध्यम मार्गाची सूचना मांडली. कृष्ण मेनन यांनी पुरस्कारिलेला हा ठराव डिसेंबर १९५२ मध्ये संमत झाला. चीनने व उत्तर कोरियाने तो त्या वेळी झिडकारला. परंतु २७ जुलै १९५३ रोजी युद्धविरामाच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा कैद्यांविषयीची व्यवस्था बहुतांशी त्याच धर्तीवर ठरली होती.

ती व्यवस्था अशी. परत जाण्यास नाकबूल असलेले कैदी काही काळ तिऱ्हाइताच्या ताब्यात द्यावयाचे. त्या मुदतीत त्यांच्या मायदेशाच्या प्रतिनिधींनी त्यांची समजूत घालावी, आणि मग प्रत्येकाने आपला निर्णय करावा. देखरेखीसाठी हिंदुस्थान, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या पाच राष्ट्रांचा तटस्थ आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद हिंदुस्थानकडे, म्हणजे लेफ्टनंट जनरल थिमय्या यांजकडे आले. प्रत्यक्ष कैदी सांभाळण्यासाठी जे सैन्य लागणार, ते सर्वच्या सर्व हिंदुस्थानने द्यावयाचे होते. त्याचे नाव कस्टोडियन फोर्स, म्हणजे कैद्यांचे रक्षक दल. त्याच्या सेनापतिपदी मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची नेमणूक झाली. कोल्हापूरकडच्या मातीत वाढलेले व १९२६ साली सँडहर्स्टहून कमिशन घेऊन आलेले हे अधिकारी. थिमय्या व थोरात यांचा स्नेह जुना होता. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या भयंकर लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये दोघांनी आपापल्या पलटणीचे नेतृत्व केले होते, आणि दोघांसही डी. एस. ओ. हे पदक मिळाले होते. लढण्यात हात धरणारा नाही अशी ही जोडी आता न लढण्याच्या कामावर निघाली.

रक्षक दलात पाच हजारांहून अधिक माणसे होती. जाट, राजपुताना रायफल्स, डोगरा व गढवाल या रेजिमेंटांच्या पलटणींबरोबर आपल्या मराठी मुलखातील जवानांची दुसरी पॅराशूट पलटण (मराठा) हीही होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीस छत्रीधारी बनविल्यावर तिला पुढे हे नाव मिळाले होते. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूंची मुले अशा रीतीने मद्रासच्या बंदरातून पूर्व समुद्राकडे रवाना झाली.

आणि येथेच अडचण उपस्थित झाली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांस हा युद्धविरामच मुळी मान्य नव्हता. जून १९५३ मध्ये त्यांनी आपल्या पहाऱ्यातील पंचवीस हजारांहून अधिक कोरियन कैदी परस्पर सोडून देऊन सर्वांस धक्का दिला होता. हिंदुस्थान हा कम्युनिस्टांचा पक्षपाती, अशी त्यांची ठाम समजूत. हिंदी सैन्याने आपल्या देशाच्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, असे त्यांनी निक्षून बजाविले. ज्या देशातील जखमींची मलमपट्टी हिंदी डॉक्टर गेली जवळजवळ तीन वर्षे करीत होते, त्याच देशाने हिंदी शिपायास आपल्या रस्त्यावरून चालण्याचीही बंदी करावी, हा दैवदुर्विलास खरा. परंतु राजकारणात उपकाराची आठवण फार काळ टिकत नाही, हा अनुभव आपल्या इतिहासासही नवा नाही.

आता भूगोल पाहा. हिंदी सैन्यास जावयाचे होते ते पानमुनजोमजवळ, दोन्ही सैन्यांच्या मधोमध आखलेल्या चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्यात. हा पट्टा कोणाच्याच एकट्याच्या अमलाखाली नव्हता. जहाजे लागणार होती ती पश्चिम किनाऱ्यावरील इंचॉन बंदरात, आणि इंचॉनपासून त्या पट्ट्यापर्यंत सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटर दक्षिण कोरियाची भूमी व खाड्या पसरलेल्या. आगगाडी होती, मोटारीचा रस्ता होता. पण त्यांवर हिंदी बूट पडता कामा नये. समुद्रातून निघून जमिनीस स्पर्श न करता डोंगरांमधील एका पट्ट्यात पाच हजारांवर माणसे पोहोचवावयाची कशी?

यावर अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हेलिकॉप्टर. या यंत्राचे कोरियाच्या युद्धात नुकतेच नाव झाले होते. आरंभी ते जखमी शिपायांस रणांगणावरून इस्पितळात नेण्याच्या कामी आले. सप्टेंबर १९५१ मध्ये अमेरिकन मरीन दलाच्या १६१ व्या हेलिकॉप्टर पथकाने सुमारे सव्वादोनशे सैनिक एका टेकडीच्या माथ्यावर नेऊन उतरविले, तेव्हा त्याची मोठी वाखाणणी झाली. हिंदी दलाची गोष्ट त्याच्या कितीतरी पट मोठी होती. 'पॉइंट क्रूझ' नावाचे एक लहान विमानवाहू जहाज इंचॉनच्या समुद्रात आणण्यात आले. हिंदी सैनिक आपल्या प्रवासी जहाजांतून परस्पर त्या जहाजावर न्यावयाचे, आणि त्याच्या सपाट डेकवरून हेलिकॉप्टरांनी एकामागून एक खेपा करून त्यांस निर्लष्करी पट्ट्यात पोहोचवावयाचे, अशी योजना ठरली. तिला 'ऑपरेशन प्लॅटफॉर्म' असे नाव देण्यात आले होते.

इंचॉनचा समुद्र हा भरती-ओहोटीबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे भरतीचे व ओहोटीचे पाणी यांत सुमारे ९ मीटरपर्यंत फरक पडतो, आणि ओहोटीस किनाऱ्यालगत मैलच्या मैल चिखल उघडा पडतो. म्हणून मोठी जहाजे दूर खोल पाण्यात उभी राहतात. आमचा शिपाई त्या जहाजावरून खाली पाहत असेल तेव्हा समोर किनारा दिसत होता. मात्र तो त्याच्यासाठी नव्हता.

जी हेलिकॉप्टरे त्या कामी होती ती सिकोर्स्की कंपनीच्या बनावटीची. त्यांची रचना आजच्या वाचकांस मोठी विलक्षण वाटेल. इंजिन पुढे नाकात, वैमानिकांची बैठक त्याच्या मागे उंचावर, आणि प्रवाशांची पेटीसारखी खोली खाली, फिरत्या पात्यांच्या नेमकी तळाशी. तीत दाटीवाटीने आठ-दहा माणसे बसत. सामानासह माणसे न्यावयाची तर संख्या आणखी कमी होई. डोक्यावर तीन पात्यांचा चक्राकार पंखा. त्याचा व्यास १६ मीटरांच्या आसपास. वेग ताशी सुमारे दीडशे किलोमीटरपर्यंत. या हिशेबाने जहाजापासून पट्ट्यापर्यंतचे उड्डाण अर्ध्या तासाच्या आतबाहेर होत असले पाहिजे. एका खेपेस आठ-दहा माणसे आणि न्यावयाची पाच हजारांवर. तेव्हा किती खेपा झाल्या असतील याचा अदमास वाचकांनीच करावा.

या प्रसंगी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या वेळी हिंदुस्थानच्या वायुदलाकडे एकही हेलिकॉप्टर नव्हते. पहिले हेलिकॉप्टर आपल्याकडे आले ते १९५४ साली, आणि तेही याच जातीचे, एस-५५ म्हणून ओळखले जाणारे. म्हणजे जे यंत्र आपल्या वायुदलानेही अद्याप हाताळले नव्हते, त्यात खेड्यातून भरती झालेला आमचा शिपाई बसला. छत्रीधारी पलटणीच्या जवानांस आकाश अपरिचित नव्हते. डाकोटा विमानाच्या दारातून उडी घेण्याचा सराव त्यांस होता. पण डाकोटात विमान पुढे जाते आणि शिपाई मागे सुटतो. जमीन गाठावयाची ती ज्याची त्याने. येथे यंत्रच जागच्या जागी वर उचलले जाई, समुद्रावर तरंगे, आणि पोहोचल्यावर पालखी खाली ठेवावी तसे अलगद बसे. कानठळ्या बसविणारा आवाज, सर्वांगास जाणवणारी थरथर, खाली राखाडी चिखल, मग हान नदीचे रुंद मुख, भाताची खाचरे, इमजिन नदी, आणि तिच्या पलीकडे तोफांनी उजाड केलेल्या टेकड्या. ज्याने आयुष्यात एस. टी.चा प्रवासही मोजकाच केला असेल, अशा एखाद्या तरुणाच्या मनात त्या अर्ध्या तासात काय आले असेल! त्या आजोबांनी घरच्यांस तेवढेच एक सांगावे, यात आम्हांस आता नवल वाटत नाही.

लष्करी इतिहासाच्या दृष्टीनेही हा प्रवास उपेक्षणीय नाही. जहाजावरून हेलिकॉप्टरांनी सैन्य उतरवून चढाई करण्याचा प्रयोग म्हणून नोव्हेंबर १९५६ मधील सुएझच्या मोहिमेचे नाव ग्रंथांतून नेहमी घेतले जाते. तेथे ब्रिटिशांनी सुमारे चारशे कमांडो उतरविले. त्यापूर्वी तीन वर्षे, त्याहून दसपटीने अधिक हिंदी सैनिक याच रीतीने समुद्रातून थेट अंतर्भागात नेले गेले होते. ती चढाई नव्हती, म्हणून तिची चर्चा झाली नाही.

ज्या ठिकाणी हे सैनिक उतरले तेथे त्यांनी आपली छावणी वसविली आणि तिला 'हिंद नगर' असे नाव दिले. जवळच काटेरी तारांची मोठमोठी कुंपणे होती. प्रत्येकात सुमारे पाचशे कैदी. सप्टेंबर १९५३ मध्ये, दहा तारखेपासून पुढे दोन आठवड्यांत, दक्षिणेकडून २२,६०० च्या वर कैदी आमच्या सैन्याच्या हवाली झाले. त्यांपैकी १४,७०० च्या सुमारास चिनी व बाकीचे उत्तर कोरियन. उत्तरेच्या बाजूने आलेले ३५९. त्यांत बहुतेक दक्षिण कोरियन असून २३ अमेरिकन व एक इंग्रज होता. पाच-सहा हजार रक्षक आणि त्यांच्या जवळजवळ चौपट कैदी, असा तो हिशेब होता.

आणि हे कैदी साधे नव्हते. चिनी व कोरियन कम्युनिस्टविरोधी कैद्यांची अशी समजूत करून दिलेली होती की, हिंदी लोक आपणांस फसवून परत धाडणार. ते येतानाच घोषणा देत, दगड भिरकावीत. कुंपणांच्या आत त्यांच्या पुढाऱ्यांची सत्ता चाले, आणि परत जाण्याची इच्छा दर्शविणाऱ्या कित्येकांस त्यांच्याच सोबत्यांनी मारहाण केली. काहींचे खूनही पाडले. अशांवर पहारा ठेवावयाचा, पण त्यांस शत्रू मानावयाचे नाही. त्यांस पळू द्यावयाचे नाही, पण त्यांच्यावर सूडही घ्यावयाचा नाही. शिपायास शिकविलेले असते ते याच्या अगदी उलट.

सप्टेंबरच्या अखेरीस या कामाची खरी कसोटी लागली. चिनी कैद्यांच्या एका कुंपणात मेजर ग्रेवाल या हिंदी अधिकाऱ्यास कैद्यांनी ओढून नेऊन अडकवून ठेवले. बाहेर हिंदी सैनिक मशीनगना रोखून उभे राहिले. गोळीबाराचा हुकूम सुटता तर अधिकारी जिवंत राहता ना आणि शेकडो कैदी प्राणास मुकते. अशा वेळी सेनापती थोरात स्वतः मोजक्या सहकाऱ्यांनिशी त्या खवळलेल्या जमावात शिरले. चोहोंकडून घेरले गेले असताही त्यांनी आवाज चढविला नाही. पाहुण्याशी वागण्याची चिनी लोकांची रीत मोठी सभ्य असते, असे आपण ऐकून आहो, अशा अर्थाचे बोलून त्यांनी त्या रागाची धार बोथट केली. सिगारेटी निघाल्या, बोलणे सुरू झाले, आणि काही वेळाने ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. एकही गोळी सुटली नाही. या धैर्याबद्दल थोरातांस पुढे अशोकचक्र, वर्ग दुसरा, हे पदक मिळाले. आज त्यास कीर्तिचक्र म्हणतात.

सत्य सांगावयाचे तर सर्वच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी कैद्यांनी कुंपण फोडून अंगावर येण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्युमुखी पडले. ही गोष्ट झाकून ठेवून गौरव करणे आम्हांस मान्य नाही. परंतु चार-पाच महिन्यांत, त्या कडाक्याच्या थंडीत, तंबूंत राहून आणि अहोरात्र शिव्याशाप ऐकून, एवढ्यावरच निभावले, हे त्या सामान्य शिपायांच्या संयमाचे फळ होय. सेनापतीचे धैर्य इतिहासात नोंदले गेले. कुंपणाच्या कोपऱ्यावर रात्री उभा असलेला जो शिपाई दगड लागूनही खटक्यावरचे बोट आवरून धरीत असे, त्याचे धैर्य नोंदणारे कोणी नव्हते.

समजूत घालण्याचे काम १५ ऑक्टोबर ते २३ डिसेंबर १९५३ पर्यंत अडखळत चालले. एवढ्या कैद्यांपैकी परत जाण्यास तयार झाले ते सहाशेच्या आसपास. जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली. चौदा हजारांहून अधिक चिनी फॉर्मोसा बेटास गेले, कोरियन दक्षिणेत राहिले. दोन्ही बाजूंनी हिंदुस्थानास बोल लावला. एक म्हणे, तुम्ही कैद्यांस पुरेसे समजावू दिले नाही; दुसरा म्हणे, तुम्ही त्यांस फितविले. तथापि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी रक्षक दलाच्या कामगिरीची पंडित नेहरूंजवळ मुक्तकंठाने प्रशंसा केली. ८८ कैदी असे निघाले की, त्यांस उत्तरही नको होते आणि दक्षिणही नको होते. ते आमच्या सैन्याबरोबर हिंदुस्थानास आले. त्यांतील बरेचसे पुढे ब्राझील, अर्जेंटिना या दूरच्या देशांत गेले व थोडे येथेच राहिले. ज्या हिंदी शिपायास फसवा म्हणून दगड मारले गेले, त्याच्याच मागोमाग ही माणसे आली, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. याच दुसऱ्या पॅराशूट पलटणीने ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमधील टांगाईल येथे छत्र्यांच्या साहाय्याने उतरून ढाक्याच्या विजयास हातभार लावला. टांगाईलचे नाव घराघरांत ठाऊक आहे आणि ते असावयासच हवे. परंतु त्याच पलटणीचे शिपाई अठरा वर्षांपूर्वी कोरियाच्या आकाशातून हिंद नगरात उतरले होते, हे त्यांच्या नातवंडांसही ठाऊक नसते. एका उतरण्याच्या शेवटी विजय होता, म्हणून ते स्मरणात राहिले. दुसऱ्याच्या शेवटी असा विजय नव्हता, म्हणून ते विस्मरणात गेले.

आपण आपल्या ज्ञातीच्या शौर्याचा अभिमान बाळगतो. तो बाळगावा. पूर्वजांच्या तलवारीचे पोवाडे आपण मुलांस ऐकवितो. परंतु शौर्य म्हणजे केवळ तलवार उपसणे, अशी समजूत जर आपण पुढील पिढीस करून दिली, तर आपण तिला अर्धाच इतिहास दिला असे होईल. मनगटात बळ असून, हाती शस्त्र असून, अपमान सोसून, ते न वापरण्याचा हुकूम पाळणे हे कोणत्याही लढाईपेक्षा सोपे नाही. ज्या भूमीवर पाऊल ठेवण्याची आपल्यास बंदी, त्या भूमीच्या शांततेसाठी जाणे, हे तर त्याहूनही अवघड. आणि हेही विसरू नये की, त्या हेलिकॉप्टरांच्या बाकांवर मराठा, जाट, डोगरा, गढवाली, राजपूत यांस एकाच खाणाखुणांचे गणवेष होते. त्यांस दगड मारणाऱ्यांनी कोणाची जात विचारली नाही, आणि त्यांच्यामागे हिंदुस्थानात आलेल्यांनीही विचारली नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. आपल्या माणसाचा गौरव करताना त्याच्या शेजारी बसलेल्यासही मान देणे, हाच त्या गौरवाचा खरा मार्ग होय.

सभासद कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे. घरातील जुन्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात. १९६० साली स्थापन झालेले विदेश सेवा पदक एखाद्या घरी असेल. त्याच्या फितीवर 'कोरिया' असा शब्द कोरलेली पट्टी आहे काय, हे पाहावे. जुनी पत्रे, छायाचित्रे, पगाराची पुस्तके असतील ती जपावीत, आणि वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या गोष्टी लिहून काढाव्यात. ज्यांनी तो प्रवास केला त्यांतील बहुतेक आता हयात नाहीत. ज्यांनी त्यांच्या तोंडून तो ऐकला, त्यांच्याही आठवणी आता विरळ होत चालल्या आहेत.

पुढील वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतील शब्द आम्ही बदलले आहेत. आपल्या घराण्यातील कोणी सैन्यात होते काय, आणि त्यांस कोठे पाठविले होते, एवढेच त्यात विचारले जाईल. ज्या घराने यंदा 'नाही' असे लिहिले, त्या घराचे नाव आम्ही त्यांच्या अनुमतीने या वर्षीच्याच नोंदीत घातले आहे. नावापुढे रणक्षेत्राचा रकाना आहे. त्यात आम्ही 'हिंद नगर, कोरिया' असे लिहिले आहे.